एकोणिसाव्या वर्षी किती जणी उरल्या?

मुलींचा सॉफ्टबॉल क्लब नीट चालला आहे की नाही, हे ठरवायची आपल्याकडची रीत सोपी आहे. राज्य स्पर्धेला किती जणी गेल्या, पदके किती आली, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर फोटो छापून आला का, एवढे पाहिले की झाले. जालना जिल्ह्यात हे माप अपुरे पडते, आणि माझ्या मते ते दिशाभूलही करते. इथे मुलींच्या क्लबला सगळ्यात आधी एकच आकडा विचारायला हवा: चौदा वर्षांखालच्या संघात ज्या मुली होत्या, त्यांतल्या एकोणीस वर्षांखालच्या संघात किती उरल्या? शिस्त, जिंकण्याची ईर्षा, एकमेकींना धरून राहणे, निवडीतला प्रामाणिकपणा ही क्लबची बाकीची सगळी मूल्ये या आकड्यावर तपासून पाहावीत. स्पर्धा सौम्य करा आणि मुलींना नुसते हसतखेळत ठेवा, असा याचा अर्थ नाही. मुली टिकवायच्या असतील तर खेळ पूर्ण ईर्षेनेच खेळवावा लागतो, आणि ईर्षेने खेळायचे असेल तर मुली टिकवाव्याच लागतात.

हे सॉफ्टबॉलच्या बाबतीत विशेष खरे का, ते समजायला खेळाची थोडी ओळख हवी. 1887 मध्ये शिकागोत, हिवाळ्यात बेसबॉल छपराखाली खेळता यावा म्हणून या खेळाची सुरुवात झाली. पुढे तो मैदानावर आला आणि मुलींनी तो आपलासा केला. भारतात 1960च्या दशकात त्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि आज महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा तीन गटांत मुलींचे संघ उतरतात. एका संघात नऊ जणी, तीन बाद झाल्या की डाव पालटतो, आणि असे सात डाव. मैदान बेसबॉलपेक्षा लहान असते. एका बेसपासून दुसरा बेस साठ फुटांवर, आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरपासून बॅटर उभी राहते ती होम प्लेट फक्त त्रेचाळीस फुटांवर, म्हणजे तेरा मीटरच्या आसपास. क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटर असते हे लक्षात घेतले की फरक कळतो. या अंतरावरून पिचर हात खालून चक्रासारखा पूर्ण फिरवून चेंडू सोडते. जगातल्या अव्वल महिला पिचरचा चेंडू ताशी 110 किलोमीटरच्या पुढे जातो. तो मारायचा की सोडायचा हे ठरवायला बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही.

हा हात एका हंगामात बसत नाही. पायाची झेप, कंबरेचे वळणे, मनगटाचा झटका आणि चेंडू सोडायचा नेमका क्षण हे सगळे एका लयीत यायला मुलीला वर्षे लागतात, आणि ही लय शरीर वाढत असतानाच बसवावी लागते. अकरा-बाराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलगी सोळा-सतराव्या वर्षी खरी पिचर होते. बॅटरच्या मागे बसणाऱ्या कॅचरचेही तसेच. तिला चेंडू पकडता येऊन भागत नाही. समोरच्या बॅटरची सवय ओळखायची, पिचरला इशारा द्यायचा, दुसऱ्या बेसकडे धावणारीवर डोळा ठेवायचा, आणि हे सगळे संरक्षक साहित्य अंगावर चढवून, उकिडवे बसून करायचे. पिचर आणि कॅचर यांची जोडी मुरलेली नसेल तर बाकीच्या सात जणी कितीही चपळ असोत, सामना हातात येत नाही. पंधराव्या वर्षी जिच्या हातात चेंडू स्थिरावतो, ती सोळाव्या वर्षी मैदान सोडून गेली की क्लबची चार वर्षांची गुंतवणूक गेली, आणि दुसरी पिचर तयार करायला पुन्हा तितकीच वर्षे हवीत. तेव्हा मुलगी टिकवणे हे दयेचे किंवा समाजसेवेचे काम नाही. ज्याला जिंकायचे आहे त्याचे ते पहिले काम आहे.

आता आपली शालेय स्पर्धा काय देते ते पाहू. जिल्हा, विभाग, राज्य अशी ती उतरंड आहे आणि बहुतेक टप्प्यांवर बाद पद्धत. हरलात की वर्ष संपले. थोडे गणित मांडू. सात डाव पूर्ण झाले तरी एका संघाला बाद व्हायच्या संधी एकवीस. त्या नऊ जणींत वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला बॅट हातात घ्यायची वेळ दोनदा-तीनदाच येते, आणि दुबळा संघ धावाही फारशा करत नाही म्हणून त्यात भर पडत नाही. त्यातही तिसऱ्या डावाअखेर पंधरा धावांचे अंतर पडले तर सामना तिथेच थांबवण्याचा नियम आहे. म्हणजे तीन डाव, नऊ बाद, प्रत्येकीला एक संधी. ज्या शाळेचा संघ पहिल्याच सामन्यात असा हरला, तिथल्या मुलीच्या वाट्याला वर्षभराच्या खेळातून जेमतेम एक फेरी येते. एवढ्याशा अनुभवावर कुणाला खेळाची गोडी लागेल? स्पर्धा जाहीर झाली की पंधरा दिवस आधी संघ जमवायचा, स्पर्धा संपली की ग्लोव्हज कपाटात, ही अनेक शाळांची तऱ्हा आहे. एकट्या क्रीडाशिक्षकावर सगळे खेळ असतात, त्यामुळे त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण ही पोकळी भरणे हेच क्लबचे काम आहे, आणि ते पदकांच्या शर्यतीने होत नाही, वर्षभराच्या सामन्यांनी होते. जिल्ह्यात चार संघ जमवून प्रत्येकाने दुसऱ्याशी दोनदा खेळायचे ठरवले, तरी प्रत्येक मुलीच्या वाट्याला सहा पूर्ण सामने येतात. पहिल्याच सामन्यात बाद होणाऱ्या संघाच्या सहापट. याला मोठा निधी लागत नाही. तारखा ठरवायच्या आणि त्या पाळायच्या, एवढेच.

तारखा पाळणे मात्र या जिल्ह्यात सोपे नाही. 1981 मध्ये औरंगाबाद आणि परभणीचे भाग काढून जालना जिल्हा झाला. आज त्याचे आठ तालुके आहेत. शहरात लोखंडाच्या मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या, बाहेर मोसंबी, कापूस, सोयाबीन आणि पावसाची वाट पाहणे. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. मैदानी खेळासाठी नेमका हाच काळ चांगल्या हवेचा. मुलगी आईबापांबरोबर फडावर जाते, किंवा धाकट्या भावंडांना सांभाळत गावी राहते. दोन्हीकडे सराव सुटतो. त्याहून मोठी अडचण वयाची आहे. 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 22 टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. जालना जिल्ह्यात हे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास होते. चौदा वर्षांखालच्या संघातल्या नऊ जणी डोळ्यांसमोर आणल्या तर त्यांतल्या तिघींचे लग्न अठराच्या आत होण्याची शक्यता हा आकडा सांगतो. सॉफ्टबॉलमध्ये हात बसतो तो याच वर्षांत, आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते तीही याच वर्षांत.

इथे स्पर्धेचे खरे मोल दिसते. नुसता व्यायाम किंवा छंद म्हणून चाललेला खेळ घरात सहज बाजूला सारला जातो. पाहुणे आले, कापूस वेचायचा आहे, आजी आजारी आहे, आज जाऊ नकोस. यातले प्रत्येक कारण खरे असते, आणि छंदापाशी त्याला उत्तर नसते. ठरलेल्या तारखेचा सामना ही मात्र घराबाहेरच्या आठ जणींप्रती घेतलेली जबाबदारी असते. कॅचर आली नाही तर सामना होत नाही, ही गोष्ट वडिलांनाही कळते आणि आजीलाही. शेतीत ज्यांचे आयुष्य वेळेवर अवलंबून आहे, त्यांना वेळेची किंमत शिकवावी लागत नाही. फक्त मुलीच्या वेळेलाही किंमत आहे हे त्यांच्यासमोर यावे लागते, आणि सामन्यांचे वेळापत्रक ते काम करते. म्हणून वेळेवर येणे, आल्याशिवाय न राहणे आणि येता येणार नसेल तर आधी कळवणे, ही शिस्त क्लबच्या मूल्यांत पहिली धरावी. ती मुलीला घरात बोलायला जागा देते.

जबाबदारी दोन्ही बाजूंनी असते, हे क्लबनेही ओळखायला हवे. मुलीने वेळ पाळावी असे वाटत असेल तर वेळ तिला पाळता येईल अशी हवी. जिल्ह्यातल्या अनेक गावांतल्या मुली मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने शाळेत येतात आणि त्याच बसने परततात. सराव संध्याकाळी सहाला ठेवला की शहरातल्या मुली तेवढ्या येतात, गावाकडच्या आपोआप गळतात, आणि नंतर आपणच म्हणतो की खेड्यातल्या मुलींना आवड नाही. सराव शाळा भरण्याआधी किंवा बस सुटण्याआधी ठेवला तर तीच मुलगी येते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्याने 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली आणि पहिल्या टप्प्यात बीड, अहमदनगरबरोबर जालना जिल्हा घेतला. शिवाय कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये आहेत. क्लबने आपले सराव केंद्र अशा वसतिगृहाशी जोडून घेतले तर ज्या महिन्यांत मुली हरवतात, त्याच महिन्यांत त्या सलग सापडतील. ध्येयधोरण म्हणून मोठमोठी वाक्ये लिहिण्यापेक्षा हा एक निर्णय मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो प्रमाणपत्राचा, आणि तो हलका नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना सवलतीचे गुण मिळतात. गरीब घरातल्या मुलीला हा आधार मोठा आहे. पदकाच्या मागे लागू नका, हे सांगणारा बहुधा ज्याच्या घरी नोकरी आहे असाच माणूस असतो, असे कुणी म्हटले तर ते मी नाकारणार नाही. पण प्रमाणपत्र हे क्लबचे ध्येय झाले की काय होते तेही राज्याने पाहिले आहे. बनावट खेळाडू प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि प्रामाणिक खेळाडूंनाही पडताळणीच्या चकरा वाढल्या. ज्या क्लबला कागद हवा असतो, तो कमी स्पर्धक असलेली वाट शोधतो, ऐनवेळी बाहेरची चांगली खेळाडू घेतो, आणि पंधरावी-सोळावी मुलगी नुसती नावाला संघात ठेवतो. धाराशिव जिल्ह्यातल्या सारिका काळे यांचे उदाहरण इथे बोलके आहे. बिकट घरच्या परिस्थितीतून त्या खो-खोत आल्या, भारतीय संघाच्या कर्णधार झाल्या, 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि क्रीडा अधिकारी म्हणून त्या शासकीय सेवेत आल्या. नोकरी मिळाली, पण ती वर्षानुवर्षे खेळत राहिल्यावर. मुलगी टिकली तर प्रमाणपत्र येते. प्रमाणपत्र मिळाल्याने मुलगी टिकतेच असे नाही, उलट गुण पदरात पडले की अनेकींचा खेळ तिथेच संपतो.

मग खो-खो, कबड्डीच का नको, हा परका आणि खर्चिक खेळ कशाला, हा दुसरा आक्षेप. ज्या गावात खो-खोचा जाणता प्रशिक्षक आहे तिथे खो-खोच खेळावा, याबद्दल माझा वाद नाही. टिकण्याचे माप तिथेही तितकेच लागू आहे. सॉफ्टबॉलच्या बाजूने एवढे सांगता येते की तो वेगवेगळ्या शरीरांना आणि स्वभावांना जागा देतो. धिप्पाड मुलगी पहिल्या बेसवर शोभते, लहान चणीची शॉर्टस्टॉपला, धावायला मंद पण डोक्याने शांत असलेली कॅचर म्हणून उभी राहते, आणि दूरवर फेकणारा हात असेल तर आउटफिल्ड आहे. नियमही सोयीचा आहे. सुरुवातीला खेळणारी मुलगी बाहेर गेली तरी तिला एकदा परत मैदानावर येता येते, त्यामुळे राखीव मुलीला मध्ये दोन डाव खेळवून बघता येतात. खर्चाचे म्हणाल तर बॅट, कॅचरचे साहित्य आणि हेल्मेट संघाचे सामाईक असते. प्रत्येकीला लागतो तो ग्लोव्ह, आणि दोन संघ आळीपाळीने क्षेत्ररक्षण करतात म्हणून तोही वाटून घेता येतो. हेल्मेट आणि कॅचरच्या मुखवट्यात मात्र काटकसर नको. त्याला पैसे नसतील तर ते जमेपर्यंत वेगवान पिचिंगचा सामना खेळवू नये.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो: स्पर्धात्मक क्लबमध्ये निवड असते, आणि निवड म्हटली की गळती आलीच. अमेरिकेकडे पाहिले की ही भीती खरी वाटते. 1972 मध्ये शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करायला बंदी करणारा कायदा तिथे झाला, तेव्हा शालेय खेळांत तीन लाखांहून कमी मुली होत्या. आज तीस लाखांहून अधिक आहेत, आणि सॉफ्टबॉलचा त्यात मोठा वाटा आहे. पण शाळेबाहेर जे खासगी स्पर्धात्मक संघ वाढले, त्यांत शुल्क, प्रवास आणि हॉटेलांचा खर्च इतका चढला की अनेक कुटुंबांना तो पेलत नाही, आणि लहान वयात वर्षभर पिचिंग करून मुलींचे खांदे दुखावतात. हे आपण उचलू नये. जपानचे उदाहरण जास्त शिकण्यासारखे आहे. त्याची पार्श्वभूमी अशी: 2004च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकी महिलांनी नऊ सामन्यांत 51 धावा केल्या आणि एकच दिली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सिंगापूरच्या बैठकीत हा खेळ 2012पासून ऑलिंपिकमधून वगळायचे ठरले. 2008 मध्ये बीजिंगला जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून 413 चेंडू टाकले आणि अमेरिकेला हरवून सुवर्ण मिळवले. त्यानंतर तेरा वर्षे ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल नव्हता. 2021 मध्ये टोकियोत तो परतला तेव्हा उएनो एकोणचाळीस वर्षांची होती, आणि जपानने पुन्हा अमेरिकेलाच अंतिम सामन्यात 2-0 असे हरवले. त्या तेरा वर्षांत तिला ऑलिंपिकने टिकवले नव्हते. कंपन्यांच्या संघांची लीग वर्षागणिक चालू राहिली, म्हणून ती राहिली. त्या 413 चेंडूंचे कौतुक करावे, अनुकरण करू नये. पंधरा वर्षांच्या मुलीकडून एका दिवसात दोन सामन्यांचे पिचिंग करून घेणारा प्रशिक्षक पुढच्या वर्षीची पिचर खर्ची घालतो. म्हणून प्रत्येक वयोगटात किमान तिघी पिचर तयार करणे हे क्लबचे ध्येय असायला हवे.

राहिला निवडीचा प्रश्न. चौदा वर्षांखाली प्रत्येक मुलीला प्रत्येक सामन्यात खेळायला मिळावे, मग एखादा सामना हातचा गेला तरी चालेल, कारण त्या वयात कोण पुढे जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. सतराच्या पुढे मात्र गुणवत्तेनेच संघ निवडावा, आणि गुणवत्ता म्हणजे काय हे हंगामाच्या आधी लिहून, वाचून दाखवावे: सरावाची हजेरी, किती वेळा बेस गाठला, क्षेत्ररक्षणातल्या चुका, बेसपर्यंत धावण्याची वेळ. सॉफ्टबॉलमध्ये प्रत्येक चेंडूची नोंद ठेवता येते, त्यामुळे ‘सरांना वाटले’ हे कारण द्यायची गरजच उरत नाही. पदाधिकाऱ्याची मुलगी, देणगीदाराची भाची किंवा अमुक समाजाची मुलगी म्हणून संघात जागा मिळते, असा संशय एकदा शिरला की ज्यांच्या पाठीशी कुणी नाही त्या मुली आधी जातात, आणि न भांडता जातात. न निवडल्या गेलेल्या मुलीला कारण समोर बसवून सांगणे, आणि तिला दुसऱ्या संघात त्याच तारखांचे सामने मिळतील असे पाहणे, इतके केले तर निवड क्रूर राहत नाही. हरण्याने मुली सोडून जात नाहीत. आपल्याला कुणी मोजतच नाही, हे कळल्यावर जातात.

पालकांच्या काळजीबद्दल थोडक्यात, कारण त्यात वादाला जागा नाही. मुक्कामाच्या स्पर्धेला संघाबरोबर जबाबदार स्त्री असलीच पाहिजे. मैदानाजवळ वापरण्याजोगे स्वच्छतागृह आणि पाणी हवे, पाळीच्या दिवसांत सवलत मागायला मुलीला पुरुषापुढे उभे राहावे लागू नये. 2012चा पॉक्सो कायदा काय सांगतो ते प्रशिक्षकांना आणि मुलींना, दोघांनाही माहीत असावे, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव आधीच ठरलेले असावे. ज्या क्लबला हे जमत नाही त्याने मुलींचा संघ काढू नये.

2028च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतो आहे, सामने ओक्लाहोमा सिटीत होतील, आणि त्या निमित्ताने आपल्याकडेही काही दिवस या खेळाचा बोलबाला होईल. जालन्यातल्या क्लबने त्या लाटेवर विसंबू नये. त्याची खरी गरज वेगळीच आहे. जिल्ह्यात मुलींना शिकवणाऱ्या स्त्री प्रशिक्षक, पंच आणि गुणलेखक तयार व्हायला हव्यात, आणि त्या बाहेरून येणार नाहीत. ज्या मुली एकोणिसाव्या वर्षापर्यंत खेळल्या, त्यांतूनच त्या येतील. बारावीनंतर संघातून वयाने बाहेर पडणाऱ्या मुलीला क्लबने त्याच हंगामात चौदा वर्षांखालच्या सामन्याची नोंदवही द्यावी, पुढच्या वर्षी पंचांच्या परीक्षेला बसवावे, कॉलेजच्या संघात ती खेळत राहील असे पाहावे, आणि तिच्या कामाचे मानधन, थोडे का असेना, अंदाजपत्रकात धरावे. त्याच अंदाजपत्रकाबरोबर वार्षिक सभेत एक तक्ता मांडावा: पाच वर्षांपूर्वी नोंदवलेल्या मुलींचे क्रमांक, त्यांतल्या आज खेळणाऱ्या किती, शिकवणाऱ्या किती, आणि ज्या गेल्या त्या कोणत्या महिन्यात आणि कशामुळे गेल्या.